फळ्यांचा रस्ता आणि हुकलेली आगगाडी

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला आले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नानांची सारी नोकरी मध्य रेल्वेत गार्ड म्हणून भुसावळला झाली. नव्या गावात पाऊल टाकले की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: स्टेशन किती लांब आहे, आणि हे जिल्ह्याचे ठिकाण आहे का. पहिल्याचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याचे उत्तर देताना मी सांगितले, की आमचा बराचसा गाव ड्यूपेज काउंटीत येतो आणि तिचे मुख्य ठिकाण उत्तरेला असलेले व्हीटन हे आहे.

"म्हणजे व्हीटन मोठे असणार," नाना म्हणाले.

तसे नाही. २०२० च्या जनगणनेत नेपरव्हिलची लोकसंख्या १,४९,५४० भरली, तर व्हीटनची ५४ हजारांच्या आसपास. शिवाय नेपरव्हिल वयानेही मोठे आहे. "मग कचेरी तिकडे कशी गेली?" या नानांच्या प्रश्नाला, या गावात सोळा वर्षे काढूनही, माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी मिळून ते शोधले. गावाच्या मध्यभागी नेपर सेटलमेंट नावाचे उघड्यावरचे संग्रहालय आहे, तिथे आम्ही इतक्या वेळा गेलो की तिकीट देणारी मुलगी नानांना ओळखू लागली.

नेपरव्हिल हे शिकागोच्या पश्चिमेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि आज त्याची ओळख शिकागोचे उपनगर अशीच आहे. मात्र ते वसले तेव्हा शिकागो हेच नदीच्या मुखाशी असलेले एक चिखलट खेडे होते. १८३१ साली जोसेफ नेपर नावाचा, उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवर जहाजे चालवणारा आणि बांधणारा एक कप्तान ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युलाहून भाऊ जॉन आणि काही कुटुंबे घेऊन निघाला. सरोवरांच्या वाटेने शिकागोला उतरून ही मंडळी बैलगाड्यांतून ड्यूपेज नदीच्या पश्चिम फाट्याशी आली. नेपरने आधी लाकूड कापण्याची पाणगिरणी घातली, व्यापाराचे दुकान मांडले, आणि त्याच वर्षी शाळाही सुरू झाली. ही जमीन पोटावाटोमी या मूळ अमेरिकन लोकांची होती. ब्लॅक हॉक या मूळ रहिवाशांच्या नेत्याशी झालेल्या १८३२ च्या युद्धात वसाहतीतली माणसे शिकागोच्या फोर्ट डिअरबॉर्नमध्ये आश्रयाला पळाली आणि परतल्यावर इथे फोर्ट पेन नावाची गढी उभी राहिली. पुढच्याच वर्षीच्या शिकागोच्या तहाने पोटावाटोमींना हा सारा मुलूख सोडून मिसिसिपीच्या पलीकडे जावे लागले. गावातल्या पाट्यांवर नेपरचे नाव जागोजागी दिसते. पोटावाटोमींचे तसे दिसत नाही, हे नानांनी तिसऱ्याच दिवशी बोलून दाखवले.

संग्रहालयात प्री-एम्प्शन हाउस या जुन्या खाणावळवजा मुक्कामाच्या जागेची प्रतिकृती आहे. मूळ इमारत १८३४ ची आणि ती १९४६ मध्ये पाडली गेली. या चमत्कारिक नावाचा अर्थ मला बरीच वर्षे कळला नव्हता. त्या काळी मोजणी आणि लिलाव होण्याआधीच माणसे सरकारी जमिनीवर जाऊन बसत, नांगर धरत. अशा कसणाऱ्याला ती जमीन एकरी सव्वा डॉलरने इतरांच्या आधी विकत घेण्याचा जो हक्क कायद्याने मिळे, त्याला प्री-एम्प्शन म्हणत. म्हणजे 'कसेल त्याची जमीन' याच जातीची ही गोष्ट, फक्त पैसे मोजून आणि मूळ मालकाला हुसकून झाल्यावर. एखाद्या खाणावळीला आपण कूळकायद्याचे नाव द्यावे तसे हे वाटते, पण त्या खाणावळीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात दुसरा विषयच नसणार.

१८३९ मध्ये कुक काउंटीतून ड्यूपेज काउंटी वेगळी निघाली. नेपर तेव्हा इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात होता आणि तिथे त्याचा एक सहकारी अब्राहम लिंकन होता. साहजिकच नव्या काउंटीची कचेरी नेपरच्या गावात आली. आज जिथे सेंट्रल पार्क आहे आणि उन्हाळ्यात बँड वाजतो, त्या मोकळ्या चौकात न्यायालयाची इमारत होती. इथवर नानांच्या हिशेबाने सारे रीतसर चालले होते.

गाडे अडले ते रस्त्यावर. १८४०-५० च्या दशकात शेतमाल शिकागोला नेणे हा या भागाचा मोठा प्रश्न होता. सपाट गवताळ माळ, खाली काळी चिकण माती आणि वसंतात वितळणारे बर्फ यांमुळे गाडीची चाके आसापर्यंत रुतत. त्यावर त्या काळी निघालेला उपाय म्हणजे फळ्यांचा रस्ता. जमिनीवर लांबीने ओंडके टाकायचे, त्यांवर आडव्या जाड फळ्या ठोकायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा. अशा कंपन्यांचे समभाग निघत आणि गावोगावचे दुकानदार, शेतकरी ते घेत. नेपरव्हिलच्या मातब्बरांनीही साउथवेस्टर्न प्लँक रोडमध्ये पैसे घातले. त्याच सुमाराला गलेना अँड शिकागो युनियन ही शिकागोची पहिली रेल्वे पश्चिमेकडे रूळ टाकत येत होती. ती नेपरव्हिलमधून जावी असा विचार होता, पण इथल्यांना ती आपल्या टोलच्या मुळावर येणारी वाटली आणि त्यांनी तिला वाट दिली नाही. उत्तरेला काही मैलांवर वॉरन आणि जेसी व्हीटन हे भाऊ मात्र शहाणे निघाले. त्यांनी आपल्या शेतांतून रुळांसाठी जमीन फुकट दिली. १८४९ च्या सुमाराला तिथे गाडी आली, आणि स्टेशनाला व्हीटन हे नाव पडले.

फळ्या काही वर्षांतच कुजल्या. ओल्या मातीवर टाकलेले लाकूड किती टिकणार, हे जहाजे बांधणाऱ्या माणसाच्या गावाला कळू नये याचे मला राहून राहून नवल वाटते. पण त्यांना मूर्ख ठरवण्याची घाई मी करणार नाही. तेव्हा रेल्वे हीच नवी आणि बेभरवशाची चीज होती. रस्ता त्यांच्या ओळखीचा होता, आणि हातातल्या समभागांवर बसलेल्या माणसाला दूरचे दिसत नाही, हे आपणही पाहिलेले आहे.

आता यातला गमतीचा भाग. तो फळ्यांचा रस्ता ज्या वाटेने शिकागोहून निघे, साधारण त्याच वाटेने आज ऑग्डेन अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता जातो. त्यावरच आमचे वाणसामानाचे दुकान, गाडीचे तेल बदलणारा आणि नानांचा न्हावी आहे. हे नाव विल्यम ऑग्डेन यांचे. ते शिकागोचे पहिले महापौर, आणि नेपरव्हिलने जिला नकार दिला त्या गलेना रेल्वेचे अध्यक्ष! ज्या रस्त्याच्या भरवशावर गावाने रेल्वे परतवली, त्या रस्त्याला अखेर रेल्वेवाल्याचेच नाव लागले. गावाच्या पूर्व अंगाला मात्र एका तुकड्याचे नाव अजून प्लँक रोड असेच आहे. त्या पाटीखाली उभे राहून नानांनी फोटो काढून घेतला आणि भुसावळच्या मित्रांना पाठवला.

रेल्वे गेली तशी कचेरीही गेली. व्हीटनकरांनी काउंटीचे ठिकाण आपल्याकडे यावे म्हणून मतदान मागितले. १८५७ मध्ये ते हरले, पण १८६७ मध्ये निसटत्या बहुमताने जिंकले. नेपरव्हिलने निकाल मानायला आणि दप्तर द्यायला नकार दिला. तेव्हा १८६८ मध्ये एका रात्री व्हीटनची माणसे गाड्या घेऊन आली, न्यायालयात शिरली आणि हाती लागतील ती दप्तरे उचलू लागली. गलका झाला, गाव जागे झाले आणि मंडळी अर्धे काम टाकून पळाली. मागे राहिलेले दप्तर पुन्हा लुटले जाऊ नये म्हणून शिकागोला सुरक्षित जागी ठेवायला पाठवले गेले. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो जळाले, आणि त्या आगीत हे दप्तरही खाक झाले. नानांना हा प्रसंग इतका आवडला, की त्यांनी तो मला पुन्हा दोनदा सांगायला लावला. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी ज्यांनी तलाठ्याच्या दारात दिवस काढले आहेत, त्यांना जळालेल्या दप्तराचे दुःख निराळे सांगावे लागत नाही.

तोवर गावाला आपली चूक उमगली होती. १८६४ मध्ये शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी या दुसऱ्या रेल्वेचा मार्ग नेपरव्हिलमधून गेला, तोच आजचा मुख्य मार्ग. पण पंधरा वर्षांची चुकामूक भरून निघाली नाही. गाव पुढची जवळजवळ शंभर वर्षे लहानच राहिले. त्यातल्या त्यात तीन गोष्टींवर ते जगले. एक, नदीकाठच्या चुनखडीच्या खाणी, ज्यांतला दगड आगीनंतर शिकागो पुन्हा उभारायला गेला. दुसरे, १८७० मध्ये प्लेनफील्डहून इथे आलेले महाविद्यालय, जे आज नॉर्थ सेंट्रल कॉलेज म्हणून ओळखले जाते. तिसरे, क्रोलरचा सोफ्यांचा कारखाना. नेपरव्हिल लाउंज कंपनी या नावाने तो १८९३ मध्ये निघाला, तिथेच कारकून म्हणून लागलेला पीटर क्रोलर पुढे मालक झाला, १९१३ च्या वादळाने इमारत जमीनदोस्त केली, ती पुन्हा बांधली गेली, आणि एकेकाळी गादीचे फर्निचर बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होई. स्टेशनाला लागून असलेल्या त्या इमारतीत आता बिऱ्हाडे आणि दुकाने आहेत. जाता जाता, इथल्या स्टेंगर यांच्या बिअरच्या कारखान्यात १८६९ ते १८७२ या काळात अ‍ॅडॉल्फ कूर्स नावाचा एक जर्मन तरुण मुकादम होता. तो पुढे कोलोरॅडोला गेला आणि त्याचे नाव आज बाटल्यांवर असते. बरेच काही नेपरव्हिलमधून निसटून गेले आहे, त्यात हेही एक.

लहान राहण्याचा एक फायदा मात्र झाला, आणि त्याची मला इथे राहून खरी किंमत कळली. गावाचा मध्य मोडला नाही. १९३१ मध्ये शताब्दीच्या निमित्ताने एका सोडून दिलेल्या खाणीत पाणी भरून पोहण्याचे तळे केले गेले, तेच सेंटेनियल बीच. शेजारच्या दुसऱ्या खाणीत होड्या चालतात. १९८१ मध्ये दीडशे वर्षे झाली तेव्हा नदीकाठाने विटांची पायवाट बांधायला घेतली. तिला रिव्हरवॉक म्हणतात. संध्याकाळी नाना या वाटेवर चालत. लाल विटा, अधूनमधून छप्पर असलेला लाकडी पूल, पाण्यात बदके, आणि टोकाला २००० साली उभारलेला मोझर टॉवर, ज्यात लहानमोठ्या ७२ घंटा आहेत. घंटांवर कोणी सूर वाजवत असले की नाना थांबत, हात मागे बांधून वर बघत आणि मग "सूर चांगला लागलाय, पण ताल नाही" असे म्हणून पुढे निघत.

मोझर हे नाव ज्यांचे, त्या हॅरॉल्ड मोझर यांनी गावाभोवतीच्या शेतांवर हजारो घरे बांधली. ती बांधता आली याचे कारण पुन्हा एक रस्ताच आहे. १९५८ मध्ये गावाच्या उत्तरेने शिकागोकडे जाणारा ईस्ट-वेस्ट टोलवे खुला झाला. पुन्हा टोलच, पण या वेळी तो नेपरव्हिलला फळला. १९६६ मध्ये टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्जने त्याच्या कडेला इंडियन हिल येथे प्रयोगशाळा उघडली (यातला इंडियन म्हणजे आपण नव्हे, निदान तेव्हा तरी नव्हे). पाठोपाठ अमोको या तेलकंपनीचे संशोधन केंद्र आले. जगभरची अनेक टेलिफोन एक्स्चेंज ज्या ५ईएसएस यंत्रणेवर चालली, ती याच इंडियन हिलवर विकसित झाली. १९६० मध्ये जे गाव १२,९३३ वस्तीचे होते, ते १९८० मध्ये ४२ हजारांवर, १९९० मध्ये ८५,३५१ वर आणि २००० मध्ये १,२८,३५८ वर गेले. १९९० पर्यंत दर दशकात जवळजवळ दुप्पट होत गेलेले गाव म्हणजे काय, याची कल्पना आमच्या भागात फिरताना येते. मक्याच्या शेतांचे तुकडे पाडून केलेल्या वसाहती, एकमेकींना न जुळणारे वळणावळणांचे रस्ते, पावसाचे पाणी साठवायला खोदलेली तळी आणि प्रत्येक वसाहतीच्या तोंडाशी दगडी पाटी. यात सुंदर असे फारसे काही नाही, आणि दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागते, ही नानांची तक्रार रास्त होती.

या वाढीत सगळ्यांना जागा नव्हती, हेही लिहायला हवे. १९६० च्या दशकापर्यंत इथले जवळजवळ सगळे रहिवासी गोरे होते आणि तो योगायोग नव्हता. काळ्या माणसाने सूर्य मावळायच्या आत गाव सोडावे, असा दंडक असलेल्या गावांना सनडाउन टाउन म्हणत. त्या गावांत नेपरव्हिलचेही नाव घेतले जाते. कौतुकाची गोष्ट अशी, की घरे देण्या-नाकारण्यातल्या या भेदभावाचा इतिहास मांडणाऱ्या, अनेक संग्रहालयांनी मिळून केलेल्या प्रकल्पाचे नेतृत्व नेपर सेटलमेंटनेच केले. आज गावातला पाचव्या हिश्शाहून अधिक भाग आशियाई वंशाचा आहे. १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने देशाचे दार किलकिले झाले, प्रयोगशाळांनी आपले अभियंते ओढून आणले, आणि नव्वदीनंतर संगणकवाल्यांची, म्हणजे आमची, रांग लागली. गणपतीच्या आरतीला जमलेल्यांना पत्ता विचारला, तर निम्मे लोक ५९ नंबरच्या रस्त्याच्या आसपासचे निघतात, आणि तिसऱ्या वाक्याला शाळेचा जिल्हा दोनशे तीन की दोनशे चार यावर गाडी येते. आम्हीही घर घेताना आधी शाळा पाहिली, मग घर. साठ वर्षांपूर्वी या गावात आम्हाला कोणी घर दाखवले असते का, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आलाही नव्हता.

नानांचा बराच वेळ जाई तो स्टेशनावर. तीन रूळ, सकाळी शिकागोला जाणाऱ्या लोकलची गर्दी आणि मधूनमधून मैलभर लांबीच्या मालगाड्या. तिथेच, लूमिस स्ट्रीटच्या बाजूला, रुळांतल्या लोखंडी खिळ्यांपासून बनवलेली काही माणसांची शिल्पे आहेत. २५ एप्रिल १९४६ रोजी दुपारी एकच्या सुमारास इथे झालेल्या अपघाताचे ते स्मारक. अ‍ॅडव्हान्स फ्लायर आणि एक्स्पोझिशन फ्लायर या दोन जलद गाड्या शिकागोहून एकाच रुळावर दोन-तीन मिनिटांच्या अंतराने सुटत. पुढच्या गाडीच्या खालून काहीतरी उडताना दिसले, म्हणून ती तपासणीसाठी नेपरव्हिलला अचानक थांबली, आणि मागची तिच्यावर येऊन आदळली. ४५ माणसे गेली. क्रोलरच्या कारखान्यातले कामगार यंत्रे सोडून धावले, महाविद्यालयातली मुले आली, आणि कारखाना व त्याचे आवार त्या दुपारी रुग्णालय झाले.

"गार्ड किती मागे गेला होता?" हा नानांचा पहिला प्रश्न. गाडी मार्गात थांबली, की गार्डाने लाल बावटा घेऊन मागे चालत जायचे. ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन डिटोनेटर, म्हणजे चाकाखाली फुटून मागच्या चालकाला आवाजाने सावध करणारे फटाके, रुळाला लावायचे, ही त्यांची आयुष्यभराची सवय. मी वाचले होते ते त्यांना सांगितले: सिग्नल नीट चालत होते, मागच्या चालकाने ब्रेक उशिरा लावला, आणि मागे निघालेल्या माणसाला फार अंतर चालायला वेळच मिळाला नाही. नानांनी घड्याळ पाहिले आणि मनाशी हिशेब केला. "दोन मिनिटांत सहाशे मीटरही होत नाहीत, खडीवरून तर नाहीच," ते म्हणाले. "हा दोष वेळापत्रक करणाऱ्याचा." या अपघातानंतर निघालेल्या नियमाने, इंजिनातच सिग्नल दाखवणारी किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा जिथे नाही, तिथे ताशी ८० मैल किंवा त्याहून अधिक वेगाला बंदी आली; अमेरिकेतल्या कितीतरी मार्गांवर ७९ मैलांची मर्यादा आजही त्यामुळेच आहे.

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथे गेलो. एक मालगाडी पश्चिमेकडे निघाली होती. नाना बोटांवर डबे मोजत होते आणि ११२ ला येऊन थांबले. शेवटच्या डब्यामागे गार्डाचा डबा नव्हता, कपलिंगला अडकवलेला एक छोटा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता. इथे १९८० च्या दशकापासून मालगाड्यांचे गार्डाचे डबे काढून टाकत आणले आहेत, हे मी त्यांना सांगितले.

"मग थांबली, तर मागे चालत कोण जातं?" त्यांनी विचारले. फाटक उघडले, गाड्या रूळ ओलांडू लागल्या, आणि तो दिवा ऑरोराच्या दिशेने दिसेनासा होईपर्यंत नाना फलाटाच्या कडेला उभे होते.